उत्सवाचा उजेड आणि मुलांचे डोळे

२०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशातून जे वृत्त आले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. भोपाळ, विदिशा आणि आसपासच्या जिल्ह्यांत 'कार्बाइड गन' नावाच्या एका घरगुती बंदुकीने शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत बहुतेक मुले व किशोरवयीन होती. प्लास्टिकच्या पाइपची ही नळी दीड-दोनशे रुपयांत रस्त्याकडेला विकली जात होती आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून मुलांनी तिचा हट्ट धरला होता. दिवाळीनंतरच्या दोन-तीन दिवसांत सरकारी रुग्णालयांचे नेत्रविभाग भरून गेले. विक्रेत्यांवर गुन्हे नोंदवले गेले, विक्रीवर बंदी आली आणि पंधरवड्याच्या आत वृत्तपत्रांनी तो विषय सोडून दिला. ज्या घरांतील मुलाच्या डोळ्यापुढे आजही धुके आहे, त्या घरांना तो सोडता आलेला नाही.

आम्ही या विषयाकडे बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरच्या बाजूने पाहू इच्छितो. चिखली तालुक्यातील हे गाव चिखली-खामगाव रस्त्यावर आहे. अशी बंदूक तेथे कोणाला सापडली, असा आमचा दावा नाही. परंतु बुलढाणा जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला भिडलेली आहे, आणि एका बाजारात खपलेली वस्तू दुसऱ्या बाजारात येण्यास सीमेची आडकाठी नसते. शिवाय भोपाळच्या मुलांचे डोळे ज्या पदार्थाने जाळले, तो पदार्थ अमडापुरात आणि आपल्या प्रत्येक गावात आजही घरोघरी आहे.

हे विधान थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्या नळीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे टाकतात व वर थोडे पाणी घालतात. खडा आणि पाणी एकत्र आले की ॲसिटिलीन वायू तयार होतो. वेल्डिंगवाले जोडकामासाठी वापरतात तोच हा वायू. लायटरची ठिणगी पडली की त्याचा स्फोट होतो. पिकात शिरणारी माकडे व रानडुकरे पिटाळण्यासाठी शेतकरी अशा नळ्या वापरीत आले आहेत, म्हणून ही वस्तू गावाकडे कोणाला परकी वाटत नाही. कधी ठिणगी पडूनही आवाज होत नाही. तेव्हा 'का वाजली नाही' म्हणून मूल नळीत डोकावते आणि नेमक्या त्याच क्षणी ती वाजते. ज्वाला, दाब आणि प्लास्टिकचे तुकडे हे तर झालेच. पण कार्बाइड आणि पाणी यांच्या संयोगातून वायूबरोबर मागे उरतो तो चुना. पानाला लावतात तोच चुना, तोही तापलेला आणि वेगाने उडालेला. तेथील डॉक्टरांना भाजलेल्या डोळ्यांबरोबर चुन्याने पोळलेले डोळेही धुवावे लागले, आणि काही मुलांच्या डोळ्यांवर गर्भवेष्टनाच्या पातळ पापुद्र्याचे रोपण करावे लागले.

आता बंदूक बाजूला ठेवून चुन्याकडे वळू. अमडापूर असो की खामगाव, पानठेल्यावर तंबाखूबरोबर चुन्याची लहानशी प्लास्टिकची पुडी मिळते. सणाला पाहुणे येतात. काका, मामा, आजोबा अंगणात बाजेवर बसतात, तंबाखू मळतात आणि उरलेली पुडी उशापाशी किंवा खिडकीत ठेवून देतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला ती मऊ पुडी दाबून पाहण्याचा मोह होणारच. पुडी फुटते, आणि मूल ती चेहऱ्याजवळ धरून पाहत असल्यामुळे चुना थेट डोळ्यात जातो. आपल्या देशातील मोठ्या नेत्ररुग्णालयांनी अशा मुलांची नोंद वेळोवेळी केलेली आहे. फटाक्यांवर दरवर्षी अग्रलेख लिहिले जातात. चुन्याच्या पुडीवर सहसा कोणी लिहीत नाही, कारण ती आपल्या कुटुंबातील ज्येष्ठांच्या खिशात असते.

चुन्याचे वैशिष्ट्य असे की तो आम्लापेक्षा अधिक घातक ठरतो. आम्लाने डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने साकळतात आणि त्यामुळे त्याची पुढील वाट बरीचशी अडते. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मात्र पेशी विरघळवीत आत आत जातो. पापणीखाली त्याचा एखादा कण जरी चिकटून राहिला, तरी तो तासन्‌तास आपले काम करीत राहतो. डोळ्याच्या काळ्या-पांढऱ्या भागांच्या सीमेवर असलेल्या मूळ पेशी त्याने नष्ट झाल्या, तर डोळ्यासमोरील पारदर्शक पटल, ज्याला शास्त्रात पारपटल म्हणतात, पुन्हा स्वच्छ होत नाही. आपल्याकडे ज्याला 'डोळ्यात फूल पडणे' म्हणतात ते हेच.

येथे वाचकांनी एक गोष्ट मनात पक्की करावी. चुना, कार्बाइड, संडास धुण्याचे आम्ल, रंग किंवा सिमेंट यांपैकी काहीही डोळ्यात गेले तर पहिला उपचार दवाखान्यात नसतो, तो घरातील हंड्यात असतो. मुलाला आडवे करून, डोळा बोटांनी उघडा धरून, स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास सोडत राहावी. मूल रडेल, हात-पाय झाडेल. दोघांनी धरावे लागेल. पापणी उलटवून दिसणारे कण स्वच्छ ओल्या फडक्याने टिपावेत. त्यानंतर गाडी. गाडीच्या शोधात पहिली दहा मिनिटे घालवणारा बाप मुलाच्या प्रेमापोटीच धावत असतो, पण त्या दहा मिनिटांत होणारे नुकसान पुढे शस्त्रक्रियेनेही पुरते भरून येत नाही. घरात पाणी स्वच्छ आहे की नाही याचा फार विचार करीत बसू नये. पिण्याचे पाणी असले की पुरे.

पाण्याचा हा नियम टोचलेल्या किंवा फाटलेल्या डोळ्याला मात्र लागू नाही, आणि येथेच गफलत होते. फटाक्याचा तुकडा, काटा, तार किंवा काच डोळ्यात घुसली असेल तर धुणे, चोळणे, दाबणे व रुतलेली वस्तू उपसून काढणे हे सर्व वर्ज्य. डोळ्यावर दाब पडणार नाही अशा रीतीने कागदी पेल्याचा बुडखा वरून अलगद बसवावा, चिकटपट्टी लावावी आणि निघावे. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने मुलाला वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये. तूप, मध, गुलाबपाणी, एरंडेल किंवा आईचे दूध डोळ्यात घालण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ती घालणाऱ्या आजीबाईंच्या मायेबद्दल आम्हाला आदर आहे, उपायाबद्दल नाही.

आमच्या भागात सुटीचे दिवस शेतीच्या हंगामाचे दिवस असतात, हे शहरातील लेखक सहसा ध्यानात घेत नाहीत. दिवाळीच्या सुटीत सोयाबीनची मळणी उरकत असते आणि कापसाची वेचणी सुरू झालेली असते. नाताळापर्यंत ती चालते. शाळा बंद म्हणून मुले आई-वडिलांबरोबर वावरात जातात. काही खेळायला, काही हातभार लावायला. पऱ्हाटीची वाळकी काडी वाकलेल्या मुलाच्या नेमकी डोळ्याच्या उंचीवर असते. मळणीयंत्रातून उडणारा भुसा आणि तुरीच्या फांदीचा फटकारा हेही त्यातलेच. जखम नखाच्या कडेएवढीही नसते. संध्याकाळी डोळा लाल होतो, आईला वाटते धूळ गेली असेल. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. दुकानदार सहज म्हणून जे थेंब देतो त्यांत कित्येकदा स्टिरॉइड असते. त्याने लाली व वेदना कमी होतात आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु वनस्पतीच्या काडीबरोबर बुरशी आत गेली असेल तर स्टिरॉइडच्या आश्रयाने ती फोफावते, आणि आठवड्याने मूल जेव्हा नेत्रतज्ज्ञापुढे येते तेव्हा बुबुळावर पांढरा व्रण स्पष्ट दिसत असतो. काडीने किंवा पानाने दुखावलेल्या डोळ्यात डॉक्टरांच्या तपासणीवाचून कोणताही थेंब घालू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ डोळे वाचतील.

मुलांचे खेळ हा तर स्वतंत्र विषय. विटी-दांडूने होणाऱ्या डोळ्याच्या इजा भारतीय नेत्रवैद्यकाच्या जुन्या नोंदींत वारंवार येतात. धनुष्यबाणाच्याही येतात, विशेषतः दसऱ्याच्या सुमारास. लहानपणी आमच्याही भुवईवर विटी बसली होती. खूण अजून आहे. अर्धा इंच खाली बसती तर हा मजकूर कदाचित दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता. पण त्या काळचा लाकडी बाण आणि आज जत्रेत मिळणारी प्लास्टिकचे छर्रे सोडणारी बंदूक यांत फरक आहे. छर्रा लहान, कठीण आणि वेगवान असतो. तो डोळ्याच्या खोबणीत नेमका मावतो. डोळा वरून धड दिसतो, आत मात्र रक्त साकळते. दुखणे ओसरले म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होऊन डोळ्यातील दाब चढतो. नाताळच्या भेटी घेताना हे आठवावे. भारत सरकारच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर मानक चिन्ह अर्थात आय.एस.आय. ची खूण बंधनकारक झाली आहे. आठवडी बाजारातील पथारीवर ती खूण शोधूनही क्वचितच सापडते. घेणारा मागत नाही, म्हणून विकणारा ठेवत नाही.

या ठिकाणी एका मुलाची हकिकत सांगणे अप्रस्तुत होणार नाही. पॅरिसजवळच्या कूव्रे गावात एका खोगीर करणाऱ्या कारागिराच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या जागी चामड्याला भोक पाडण्याची आरी घेऊन तो खेळत होता. ती निसटून डोळ्यात गेली. जखमेत जंतुसंसर्ग झाला, पुढे दुसराही डोळा त्याच वाटेने गेला, आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याला काहीच दिसेनासे झाले. हा लुई ब्रेल. पुढे त्याने अंधांसाठी ठिपक्यांची लिपी रचली, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजविला, आणि आज त्याचा जन्मदिन संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. आपण प्रवचनांतून ही कथा जिद्दीची कथा म्हणून सांगतो. तिच्या पहिल्या पानावर एक आरी आहे, जी मोठ्या माणसाने मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवली होती. बापाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी त्याला उपचाराचे साधनही उपलब्ध नव्हते. आज ते आहे, म्हणूनच आपली जबाबदारी त्याच्याहून मोठी आहे.

फटाक्यांविषयी आपल्या समाजात एक सोयीची समजूत आहे की हा प्रश्न दिवाळीचा आहे, आपला नव्हे. तसे नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात फटाके वाजतात. मुंबई-वसईकडे ३१ डिसेंबरच्या रात्री जुन्या वर्षाचा म्हातारा जाळतात तेव्हा त्याच्या पोटात फटाके भरलेले असतात आणि भोवती मुलांचेच कडे असते. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी फटाक्यांविषयी जो आदेश दिला, त्यात दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ सांगितली, आणि नाताळ व नववर्षासाठी रात्री ११.५५ ते १२.३० अशी. म्हणजे न्यायालयाने आपल्यालाही मोजले आहे. विस्फोटकांविषयीच्या १८८४ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला फटाके विकणे हाच मुळी अपराध आहे. दहा वर्षांचा मुलगा हातात पन्नासाची नोट घेऊन एकटाच दुकानावर उभा असतो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आम्हीही पाहिले आणि पुढे गेलो, हे कबूल करावयास हवे.

फटाक्याने दुखावणाऱ्यांत वात लावणारा जसा असतो तसा नुसता पाहत उभा राहिलेलाही असतो, आणि बघ्यांचे प्रमाण मोठे असते. विझलेला समजून पुन्हा पाहायला गेलेला सुतळी बॉम्ब, बाटलीत उभा केलेला बाण, डब्याखाली लावलेली लवंगी या नेहमीच्या वाटा. फुलबाजी मात्र निरुपद्रवी समजून आपण दोन वर्षांच्या बाळाच्या हाती देतो. तिच्या टोकाशी तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते. मुलांच्या हातून फुलबाजी काढून घेणे निष्ठुरपणाचे वाटेल. आम्हाला वाटते ती मोठ्याने धरावी आणि मुलाने चार पावले दुरून पाहावी. आनंदात फारशी उणीव येत नाही.

नव्या काळाने एक नवे संकट जोडले आहे. मिरवणुकांतील लेझर किरणांनी डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाला इजा झाल्याची उदाहरणे पुण्यातील नेत्रतज्ज्ञांनी २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर समोर आणली. बाजारात खेळणे म्हणून मिळणारा लेझरचा दिवा त्याच जातीचा आहे, आणि मुले तो एकमेकांच्या चेहऱ्यावर रोखतात. दृष्टिपटलावरील भाजण्याला वेदना नसते. मूल तक्रार करीत नाही, आणि महिनाभराने शाळेत फळ्यावरचे मधले अक्षर दिसत नाही असे सांगते. पुढे मकर संक्रांतीला नायलॉन मांजा येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी दुचाकीच्या टाकीवर पुढे बसवलेल्या मुलाच्या चेहऱ्याला पहिला धोका त्याचाच असतो.

बंदीविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. बंदी हवीच, पण ती नेहमी वस्तूच्या नावावर येते आणि दुखापतीनंतर येते. एक नळी बंद झाली की दुसऱ्या नावाने दुसरी येते. कार्बाइडच्या साठवणुकीसाठी १९८७ पासून स्वतंत्र नियम आहेत, फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर निषिद्ध आहे, तरी ते मुलांच्या हाती पोहोचले. कायदा बाजारापर्यंत जातो. बाजेवरची पुडी, वावरातली काडी आणि बापाची आरी त्याच्या टप्प्यात येत नाहीत. त्या ठिकाणी घरातील मोठी माणसेच कायदा आहेत. आणि म्हणून अशा प्रसंगी 'देवाची इच्छा' हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात तेव्हा आम्ही अस्वस्थ होतो. खिडकीत पुडी देवाने ठेवलेली नसते.

मुलाच्या डोळ्याची आणखी एक अडचण आहे, जी प्रौढाला नसते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. या वयात एका डोळ्यावर फूल पडले किंवा मोतीबिंदू झाला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि डोळा 'आळशी' होतो. पुढे शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी दृष्टी पुरती येत नाही. टाके घालून घरी परतणे म्हणजे उपचाराचा प्रारंभ. नंतरचे चष्मे, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधणे आणि महिन्या-दोन महिन्यांच्या फेऱ्या याच खऱ्या कसोटीच्या. मजुरी बुडते म्हणून तिसऱ्या फेरीनंतर मूल दिसेनासे होते, अशी तक्रार डॉक्टर करतात. अशा कुटुंबाला गाडीभाडे देणे हे आपल्या धर्मग्रामातील सेवामंडळांचे काम असू शकते, आणि ते नाताळच्या केकवाटपाइतकेच आवश्यक आहे.

अमडापूरहून एका बाजूला चिखली आणि बुलढाणा, दुसऱ्या बाजूला खामगाव व त्यापुढे अकोला. जिल्हा रुग्णालय बुलढाण्यास आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अकोल्यास. सणाच्या रात्री एस.टी. मिळत नाही आणि खासगी गाडीवाला घरी जेवायला बसलेला असतो. कोठे नेत्रतज्ज्ञ त्या रात्री उपलब्ध असतो, सुटीच्या दिवशी कोणत्या दवाखान्याचा दूरध्वनी उचलला जातो, याची चौकशी डोळा फुटल्यावर करावयाची नसते. १३ डिसेंबरला आपण दृष्टीची आश्रयदात्री संत लुसी हिचा सण करतो. त्या रविवारच्या सूचनांत धर्मगुरूंनी ही माहिती वाचून दाखवावी आणि चर्चच्या दारावर कागद लावावा, असे आम्ही सुचवितो. कागदावर वर मोठ्या अक्षरांत १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असावा. त्याखाली, चुना किंवा कार्बाइड गेले असेल तर गाडी दारात येईपर्यंत पाण्याची धार थांबवू नये, एवढे एक वाक्य असावे.